शेक संपला, पुढचं कोण बघणार?

गालाचा, जिभेचा किंवा घशाचा कर्करोग पुढच्या टप्प्यावर गेलेला असला की शेक, म्हणजे किरणोपचार, सहा ते सात आठवडे चालतो. सोमवार ते शुक्रवार, रोज, एकूण ३० ते ३५ वेळा. शेवटच्या दिवशी घरची माणसं सामान बांधतात, वापीची तिकिटं काढतात आणि सुटलो म्हणतात. पण आतून सोलून निघालेलं तोंड त्या दिवशी भरून यायला लागत नाही. शेक थांबल्यावर आणखी एक-दोन आठवडे त्रास वाढतच जातो, मग कुठे उतार पडतो. म्हणजे सगळ्यांत कठीण पंधरवडा मुंबईत, सुरतेत किंवा अहमदाबादेत जात नाही. तो दादरा-नगर हवेलीतल्या आमच्या किलवणीत जातो, घरच्या खाटेवर, जिथे रात्री हाक मारायला जाणकार माणूस नसतं.

मी परिचारिका. नोकरीची वर्षं मुंबईत एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात गेली आणि निवृत्तीनंतर मी किलवणीला घरी राहायला आले. पाड्यावरचे लोक अजून सिस्टर म्हणतात. दवाखान्याची फाइल घेऊन ते ओट्यावर येऊन बसतात. फाइल जाडजूड असते: बायोप्सी, सीटी स्कॅन, ऑपरेशनची नोंद, शेकाचं पत्रक, केमोचे डोस. शेवटच्या कागदावर इंग्रजीत दोन-तीन ओळी असतात. नळीतून आहार द्यावा, तोंडाची निगा राखावी, तीन महिन्यांनी दाखवावं. त्या तीन महिन्यांत घरात काय काय होतं ते मी बघते, आणि त्यावरूनच माझं म्हणणं मांडते आहे. उपचारातून होणारा त्रास हा उपचाराचाच भाग आहे. तो निस्तरण्याची जबाबदारी रुग्णाच्या गावात, नावानिशी, कुणावर तरी सोपवलेली असली पाहिजे. आज ती कुणावरच नाही.

आमच्याकडे पुरुष बिडी ओढतात, तंबाखू-चुना मळतात, बायका मशेरी लावतात, आणि कारखान्यात रात्रपाळी करणारी पोरं जागं राहायला मावा-गुटख्याची पुडी गालात धरतात. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे, दादरा-नगर हवेलीत नाही. तंबाखूच्या जोडीला दारू असली की तोंडा-घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातले २१.४ टक्के प्रौढ धूर न होणारा तंबाखू खाताना आढळले होते. २०२२ साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १,४०,००० हून अधिक नवे रुग्ण झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. यातले बहुतेक डॉक्टरपर्यंत पोचतात तेव्हा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर असतो.

चौथा टप्पा म्हटलं की घरचे धीर सोडतात. तो सोडायचं कारण नाही. गालातला आजार जबड्यात शिरला, मानेतल्या गाठींत उतरला, तरी ऑपरेशन, शेक आणि केमो मिळून कितीतरी माणसं आज जगताहेत. शरद पवारांच्या तोंडाच्या कर्करोगावर २००४ साली शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचं त्यांचं सार्वजनिक आयुष्य सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे. तोंड उघडताना, गिळताना, बोलताना होणाऱ्या त्रासाबद्दलही ते जाहीरपणे बोलले आहेत. पुढे २०१५ साली आर. आर. पाटील याच आजारानं गेले. ज्यांच्या भोवती डॉक्टरांचा ताफा उभा राहू शकतो, त्यांनाही हा आजार इतका छळतो. मग नागलीची पेज आणि उडदाची डाळ यांवर जगणाऱ्या गवंड्याचं काय होत असेल?

गवंड्याचं उदाहरण उगाच घेतलं नाही. आमच्या पाड्यावर एक गवंडी आहे, चाळिशीतला. गालासकट अर्धा खालचा जबडा काढला, मांडीचं मांस घेऊन गाल शिवला, मग शेक आणि केमो. घरी आला तेव्हा पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडलेली होती. तोंडात पाणी घेतलं तरी आग व्हायची. लाळ चिकट, दोऱ्यासारखी, थुंकता येईना आणि गिळता येईना. नाकातली नळी शिंकताना अर्धी बाहेर आली होती, आणि ती ओढून काढावी की आत ढकलावी हे विचारायला त्याची बायको धावत आली. ढकलायची नसते. नळी पोटाऐवजी श्वासनलिकेत गेली आणि त्यातून पेज सोडली तर माणूस तिथेच गुदमरू शकतो. म्हणून नाकाशी नळीवर पेननं खूण करून ठेवायची असते. खूण सरकली की आहार बंद, आणि नळी नव्यानं घालून घ्यायची. इतकी साधी गोष्ट, पण त्या बाईला ती कुणी सांगितली नव्हती. सांगितली असेल तर ज्या घाईत आणि ज्या भाषेत सांगितली, त्यात ती तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

तिला आणखी काय शिकावं लागलं ते लिहिते, म्हणजे 'नळीतून आहार द्यावा' या ओळीत किती काम दडलंय ते वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल. दर दोन-तीन तासांनी दोन-अडीचशे मिली. माणसाला टेकून बसवायचं, आहार झाल्यावरही अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. आधी आणि नंतर पाणी सोडून नळी धुवायची, नाहीतर ती चोंदते. नागलीचं पीठ शिजवून फडक्यातून गाळायचं, त्यात दूध, तेल, घोटलेल्या डाळीचं दाट पाणी मिसळायचं, कारण नुसत्या पेजेवर वजन राहत नाही. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ. ती मसाटच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. दर दोन-तीन तासांनी नळी भरायची तर पाळी करता येत नाही, म्हणून नोकरी सुटली. घरात कमावती दोन माणसं होती, एकही उरलं नाही. आयुष्मान कार्डावर ऑपरेशन झालं, शेक झाला, त्याबद्दल त्या कुटुंबाला आणि मलाही कृतज्ञता आहे. पण त्या योजनेत रुग्णालयातून सोडल्यानंतरचा औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च १५ दिवसांपुरता धरलेला आहे. मोठी सिरिंज, दर काही आठवड्यांनी बदलायची नळी, दूध, तेल, वापीपर्यंतची रिक्षा आणि बुडालेली मजुरी यांना कुठलं कार्ड चालत नाही.

काही लोक म्हणतात, मग इतका जहाल उपचार द्यायचाच कशाला, थोडा सौम्य द्या. या प्रश्नाचा अभ्यास आपल्याच मुंबईत झालेला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात ३०० रुग्णांवर केलेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की शेकाबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध दर आठवड्याला थोडं थोडं देण्यापेक्षा तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेत दिलं, तर दोन वर्षांनंतर तोंडा-मानेतला आजार काबूत असणाऱ्यांचं प्रमाण ५८.५ टक्क्यांवरून ७३.१ टक्क्यांवर गेलं. त्याच अभ्यासात मोठ्या मात्रेच्या गटातल्या ८४.६ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला, आणि सौम्य गटातही ७१.६ टक्क्यांना झाला. पुढे जपानमधल्या अभ्यासात दर आठवड्याची मात्रा थोडी वाढवून देणं तितकंच गुणकारी आणि सोसायला हलकं ठरलं, म्हणजे हा शोध चालूच आहे. पण माझ्या डोळ्यांत भरतो तो ७१.६ हा आकडा. सौम्य म्हणावं त्या उपचारातही दहांतल्या सातांना गंभीर त्रास होणार असेल, तर त्याला अपवाद कसं म्हणायचं? तो होणारच हे धरून तयारी करायला हवी. आणि उपचार मधेच थांबवणं हा तर मार्गच नाही. तोंड आलं, ताप आला, पैसे संपले म्हणून शेकात खंड पडला, तर वाया गेलेल्या प्रत्येक दिवसागणिक आजार काबूत येण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं घटते. ज्याचं वजन टिकलं, ज्याची नळी नीट चालली, तोच शेक पूर्ण करतो. म्हणून मी पेजेच्या गोष्टीवर इतकी अडून बसते.

पहिला पंधरवडा निदान दिसतो तरी. माणूस कण्हतो, घरचे धावतात. पुढचे त्रास महिन्यांनी, कधी वर्षांनी येतात, आणि तोवर त्यांचा शेकाशी संबंध आहे हे सगळे विसरलेले असतात.

दात हे त्यांतलं सगळ्यांत दुखरं प्रकरण. शेक घेतलेल्या जबड्यातल्या रक्तवाहिन्या बारीक होतात, लाळ आटते, दात भराभर किडतात. अशा जबड्यातला, त्यातही खालचा, दात उपटला तर जखम भरेलच असं नाही. हाड उघडं पडतं आणि मरू लागतं. मला माहीत असलेल्या एका टेंपोचालकानं शेकानंतर काही वर्षांनी गावातल्या खुर्चीवर बसून दुखरी दाढ काढून घेतली. दंतवैद्यानं विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही, कारण आपला कर्करोग तर बरा झाला असं याच्या मनात पक्कं होतं. ती जखम पू गाळत राहिली, हनुवटीखाली त्वचेला भोक पडलं, आणि शेवटी पुन्हा मोठ्या रुग्णालयात जाऊन जबड्याचा तुकडा काढावा लागला. आजार परतलेला नव्हता. कर्करोगातून वाचलेला माणूस दाढेपायी जबडा गमावून बसला. शेकाआधी दात तपासून, वाईट दात काढून, जखम भरायला दोन आठवडे देऊन मग शेक सुरू केला तर यातलं बरंचसं टळतं. आणि नंतर आयुष्यभर दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी एक वाक्य बोलायचं असतं: माझ्या जबड्याला शेक दिलेला आहे.

तोंड न उघडणं हा दुसरा त्रास. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात. सुपारी खाणाऱ्यांचं तोंड आजाराआधीच आवळत आलेलं असतं, त्यात ऑपरेशन आणि शेक. मग एक बोटही जात नाही. जेवण, दात घासणं, नंतरची तपासणी, सगळंच अडतं. यावर व्यायाम आहे, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. खर्च काहीच नाही. पण तो शेक चालू असतानाच सुरू करावा लागतो आणि महिनोन्‌महिने करावा लागतो, आणि तोंड सोललेलं असताना तो करून घ्यायला कुणीतरी रोज समोर बसावं लागतं.

गिळताना घास चुकीच्या वाटेनं जाणं तर अनेकदा कळतच नाही. घशातली संवेदना गेलेली असते, त्यामुळे ठसकाही लागत नाही. पाणी, लाळ, पेज थोडी थोडी फुफ्फुसात उतरत राहते. माणसाला वारंवार ताप, खोकला, वजन घटणं सुरू होतं. आमच्या भागात अशा माणसाकडे पाहून पहिला संशय क्षयाचा येतो. थुंकी तपासावीच, पण शेक घेतलेल्या माणसाच्या बाबतीत तो गिळतो कसा हेही बघायला हवं. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवलं, पातळ पाण्याऐवजी दाट पदार्थ दिले, तर काहींना न्यूमोनिया चुकतो. कुणाला कुठली रीत लागू पडेल हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञानं एकदा पाहून ठरवायचं असतं.

आणि थायरॉइड. मानेला शेक दिलेल्यांत पुढच्या काही वर्षांत थायरॉइड मंद होणं फार सामान्य आहे. माणूस सुस्त होतो, अंग सुजतं, थंडी वाजते, कशात मन लागत नाही. घरचे म्हणतात, आजारानं खचलाय. एका बाईंना त्यांच्या सुनेनं माझ्याकडे आणलं ते अंगात काही शिरलंय का या शंकेनं, भगताकडे जाऊन आल्यावर. मी रक्ताची टीएसएच तपासणी करायला लावली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांनी त्या स्वतः चालत बाजाराला आल्या. मानेला शेक घेतलेल्या प्रत्येकाची ही तपासणी सहा महिन्यांनी-वर्षानं व्हायला हवी, आणि ती कुठल्याही छोट्या लॅबमध्ये होते.

आता ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेलाय त्यांच्याविषयी. यांच्यासाठी दर तीन आठवड्यांनी मुंबईला जाऊन सलाइनमधून केमो घेणं हाच एक मार्ग आहे असं लोकांना वाटतं. टाटाच्याच डॉक्टरांनी ४२२ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घरी घेणारे रुग्ण सिस्प्लॅटिनची सलाइन घेणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त जगले, ६.१ महिन्यांच्या जागी ७.५ महिने, आणि गंभीर त्रास ३० टक्क्यांऐवजी १९ टक्क्यांना झाला. दीड महिना थोडा वाटेल. तो वापीच्या फलाटावर उलट्या करत काढायचा की घरी नातवंडांत, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. पण याही गोळ्यांत एक धोका आहे आणि तो सांगणं माझं काम आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून कुणी रोज घेतली तर रक्तपेशी कोसळतात, जीव जाऊ शकतो. मी आमच्याकडच्या माणसांना सांगते, आठवडी बाजाराच्या दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी हात लावू नका. बाजार कुणी विसरत नाही.

याच रुग्णांच्या वेदनेसाठीही लांब जावं लागतं. तोंडाच्या कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातली कळ साध्या गोळ्यांनी थांबत नाही, मॉर्फिन लागतं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. तरीही ते मिळवायला माणसं दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर जातात. मानेत जखम असलेल्या रुग्णाला कधी मोठी रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. आधी थोडं रक्त येऊन थांबतं, ती इशारत असते. अशा घराला आधी विश्वासात घेऊन सांगावं लागतं, गडद रंगाची चादर हाताशी ठेवा, म्हणजे लाल रंग बघून पोरं घाबरणार नाहीत, आणि माणसाला एकटं सोडू नका. हे बोलणं अवघड आहे. पण न बोलता त्या घराला त्या रात्रीला सामोरं जाऊ देणं मला निर्दयपणाचं वाटतं.

या सगळ्यासाठी नवं रुग्णालय बांधायची गरज नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडेत वेदनाशमनाचं केंद्र सुरू झालं, पुढे शेजारच्या लोकांनीच घरोघर जाऊन रुग्ण सांभाळायची पद्धत पसरली, आणि २००८ साली राज्यानं त्याचं धोरण केलं. तिथे ग्रामपंचायतीची परिचारिका ठरलेल्या दिवशी रुग्णाच्या घरी जाते. आमचा प्रदेश तर केरळातल्या एका जिल्ह्याएवढाही मोठा नाही. सिल्वासात विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, पाड्यापाड्यावर आशा कार्यकर्त्या आहेत. तिशीपुढच्यांचं तोंड बॅटरीनं तपासायची मोहीम सरकारनं हाती घेतली, ती फार मोलाची आहे. मग ज्यांच्या तोंडात आजार सापडला आणि उपचार झाला, त्यांचंही तोंड नंतर बघितलं जावं.

हे काम आशांच्या डोक्यावर टाकू नका. त्यांच्याकडे आधीच पोलिओपासून बाळंतपणापर्यंत सगळं आहे. चार-पाच आरोग्य केंद्रांमिळून एक प्रशिक्षित परिचारिका नेमा. नळी घालणं, गळ्यातल्या श्वासाच्या नळीची सफाई, वजन, तोंडाचा व्यायाम, टीएसएच, मॉर्फिनचा हिशोब एवढंच तिचं काम. तिच्याकडे उपचार झालेल्या प्रत्येकाचं नाव असावं. दात तपासल्याशिवाय शेकाची तारीख देऊ नये. आणि मोठ्या रुग्णालयांना माझी विनंती आहे, शेवटचा कागद मराठीत आणि गुजरातीत लिहा, चित्रं काढून द्या, नळी भरायला घरच्या बाईकडून तुमच्यासमोर दोन वेळा करून घ्या, मगच सोडा.

हे होईपर्यंत, ज्यांच्या घरात या महिन्यात कुणाचा शेक संपतोय त्यांनी निघण्याआधी वजन लिहून घ्यावं, नळीवर खूण करून घ्यावी, एक जादा नळी आणि दोन सिरिंजा मागून घ्याव्यात. ताप आला, रक्त आलं, नळी निघाली तर कुणाला विचारायचं त्याचं नाव आणि फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा, आणि तो नंबर लागतो का हे तिथे उभं राहूनच लावून बघावं.